पानिपत नंतर कर, आधी उंबरखिंड होऊ दे

पत्र:

दादा, मी नाशिकचा, वय ३९, बँकेत नोकरी. गेलं वर्षभर रात्री जेवण झालं की यूट्यूबवर इंग्लंडमधले लोक टेबलावर छोटे सैनिक मांडून वॉटर्लूची लढाई खेळतात ते बघत बसतो. आपणही असं पानिपत मांडावं असं डोक्यात बसलंय. पण २८ एमएम का १५ एमएम, मेटल का प्लास्टिक, रूल्स कुठले, काही कळत नाही. एका साइटवर कार्टमध्ये अठ्ठावीस हजारांचा माल टाकून ठेवलाय आणि बटण दाबायची हिंमत होत नाही. चित्रकलेत मी काठावर पास होणारा. खेळायला ओळखीत कोणी नाही. बायको म्हणते चाळिशीत बाहुल्या खेळणार का. मुलगी सहावीत आहे, तिला थोडा इंटरेस्ट वाटतो. सुरुवात कशी करू?

उत्तर:

अरे नाशिककर, दादा म्हणालास म्हणून अरेतुरेच करतो. सगळ्यात आधी ते कार्ट रिकामं कर. हो, आत्ताच, पुढचं नंतर वाच.

केलंस? आता माझी गोष्ट ऐक. कंपनीने मला दीड वर्ष इंग्लंडला पाठवलं होतं आणि माझं नशीब असं की गाव नॉटिंगहॅमच्या जवळ निघालं. ज्याला हा नाद आहे त्याच्यासाठी नॉटिंगहॅम म्हणजे पंढरपूर आहे, हे छोटे सैनिक बनवणारी वॉरलॉर्ड गेम्स तिथली, पेरी बंधू तिथले, अशा बऱ्याच कंपन्या त्याच पट्ट्यात. मी पहिल्या तीन महिन्यांत नेपोलियनच्या काळातले दोनशे सैनिक घेतले. प्लास्टिकच्या फ्रेममध्ये हात वेगळे, डोकी वेगळी, बंदुका वेगळ्या, सगळं कापून चिकटवायचं. त्यातले अकरा रंगवले. अकरा! बाकीचे बॅगेत भरून पुण्याला आले आणि चार वर्षं माळ्यावर पडून होते, आईने दोनदा विचारलं की हे भंगारात द्यायचं का. आणि या सगळ्या काळात मी एकही डाव खेळलो नव्हतो. म्हणजे क्रिकेटचं सगळं किट घेऊन ठेवलंय, बॅटला तेल पण लावलंय, आणि बॉल कसा लागतो तेच माहीत नाही, तसं. या छंदात असे लोक ढिगाने आहेत, न रंगवलेल्या डब्यांचा घरात डोंगर असतो आणि ते त्याच्यावर जोक मारत अजून डबे घेत असतात.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे, आधी डाव खेळ, फौज नंतर जमव. आणि पहिला डाव येत्या महिन्याभरात झाला पाहिजे.

पानिपत का नको ते सांगतो. नाराज होऊ नकोस, प्रत्येक मराठी माणूस या नादात पानिपत डोक्यात घेऊनच येतो, मी पण त्यातलाच. १४ जानेवारी १७६१ ला दोन्ही बाजूंची मिळून लढणारी माणसं लाखाच्या घरात होती. टेबलावर एक फिगर म्हणजे एकच माणूस असं नसतं, एक फिगर वीस, पन्नास, शंभर माणसांच्या बदल्यात उभी करतात. शंभराला एक धरलास तरी हजार फिगर झाल्या. बँकेतून येऊन, जेवून, रोज न चुकता एक रंगवलीस तरी पावणेतीन वर्षं. तोवर तू बॅडमिंटन खेळायला लागलेला असशील.

आता साइजचा घोळ. २८ एमएम म्हणजे उभा माणूस साधारण तुझ्या अंगठ्याच्या वरच्या पेराएवढा, चेहरा दिसतो, मिशी रंगवता येते, दिसायला सगळ्यात भारी आणि खिशाला सगळ्यात जड. तिकडे तीसचाळीस प्लास्टिक सैनिकांचा डबा वीसपंचवीस पौंडाच्या आसपास जातो, त्यावर शिपिंग आणि कस्टम ड्युटी म्हणजे तो डबा घरी येईपर्यंत त्याचं दुसरं लग्न झाल्यासारखा खर्च होतो. १५ एमएम म्हणजे नखाएवढा. ६ एमएम म्हणजे तांदळाचा दाणा, आणि तुझं पानिपत कधी झालंच तर ते या दाण्यांमध्येच होईल, कारण एका पट्टीवर वीस दाणे चिकटवले की लांबून खरंच पलटण वाटते. आणि मग आहे एकास बहात्तर, म्हणजे इंचाच्या आतबाहेर उंचीचे मऊ प्लास्टिकचे सैनिक, झ्वेझदा, इटालेरी, हॅट, एअरफिक्स यांचे डबे. नवशिक्यासाठी माझं मत याच साइजला, कारण एका डब्यात चांगले चाळीसएक सैनिक येतात आणि एखादा बिघडला तर जीव जळत नाही.

पण तेही आत्ता नको. पहिल्या डावाला कागदाचे सैनिक कर. हसू नकोस. मुलीला सांग मावळा काढ, एक पुढून एक पाठून, इंचभर उंच, मग झेरॉक्सवाल्याकडे जाडसर कागदावर प्रिंट काढ, मधून घडी घालून फेव्हिकॉल लाव आणि खाली पुठ्ठ्याचा चौकोन. एका संध्याकाळी साठ सैनिक उभे राहतात.

आणि खरं सांगू का, तू हा खेळ लहानपणी अर्धा खेळलेलाच आहेस. दिवाळीत किल्ला केला असशील ना? दगडविटा रचून वर भिजवलेलं पोतं, त्यावर माती, अळीव पेरून गवत, चुन्याची वाट, वर सिंहासनावर महाराज आणि बुरुजाबुरुजावर मातीचे मावळे. आपल्या पोरांना तीस वर्षं खेळणाऱ्या इंग्लिश गेमरपेक्षा भूभाग जास्त चांगला बनवता येतो, माचीला उतार किती हवा ते हाताला माहीत असतं. फक्त आपण किल्ला करतो, मावळे मांडतो आणि मग लांबून बघत बसतो. कोणी हलवत नाही. त्या मावळ्याने एका वेळी किती चालायचं, गोळी किती लांब जाणार, कोणी कधी पळायचं हे ठरवलं की झाला वॉरगेम.

बाहुल्यांवरून बोलणाऱ्यांना हेही सांग. एच. जी. वेल्सने १९१३ साली ‘लिटल वॉर्स’ नावाचं पुस्तक लिहिलं, खेळण्यातल्या शिसाच्या सैनिकांनी घरातल्या फरशीवर लढाई कशी खेळायची याच्या नियमांचं, स्प्रिंगच्या तोफेतून लाकडाची बारकी गोळी मारून ते सैनिक खरोखर पाडायचे. हा गृहस्थ तेव्हा ४६ वर्षांचा, जगभर नाव झालेला लेखक, आणि फरशीवर ओणवा होऊन तोफ लावतोय. पुस्तकावरच लिहिलंय की बारा ते दीडशे वर्षांच्या मुलांसाठी. त्याच्याही आधी १८२४ मध्ये प्रशियाच्या सैन्याने राइसविट्झ नावाच्या लेफ्टनंटचा नकाशावरचा युद्धखेळ अधिकाऱ्यांच्या ट्रेनिंगला घेतला होता. तेव्हा तू चाळिशीत म्हणजे तसा लवकरच आलायस.

तर लढाई कुठली घ्यायची. छोटी, जागा अरुंद, दोन्ही बाजूंचं काम वेगवेगळं आणि दोघांनाही जिंकायचा चान्स अशी. मी सगळ्यांना उंबरखिंड सांगतो. २ फेब्रुवारी १६६१. शाहिस्तेखानाने कारतलबखानाला पुण्याहून कोकणात पाठवलं, तो कुरवंड्याच्या बाजूने घाट उतरून त्या अरुंद खिंडीत शिरला, सोबत रायबागन ही मोगलांकडची बाई सरदार होती, आणि झाडीत महाराजांची माणसं दबा धरून बसलेली. पुढे वाट अडवलेली, मागे वाट बंद, प्यायला पाणी नाही. शेवटी रायबागनच्या सल्ल्याने खानाने शरणागती पत्करली, सामानसुमान, खजिना सोडून जिवंत निघून गेला. खोपोलीजवळ चावणी गावापाशी ती जागा आहे, एकदा मुलीला घेऊन जा, टेबल कसं मांडायचं ते तिथे उभं राहिलं की आपोआप कळतं.

मी घरी कसं खेळतो ते सांगतो, हे माझे घरगुती नियम आहेत, पाहिजे तसे मोडतोड कर. जेवणाचं टेबल, चार बाय तीन फूट. दोन्ही लांब बाजूंना पुस्तकं रचायची, कायद्याची असली तर उत्तम, जाड असतात, आणि वरून मातकट रंगाची चादर, मधे वीतभर रुंद घळ राहिली पाहिजे. झाडं म्हणून वाळक्या काटक्या आणि हिरवी भांडी घासायची घासणी कुस्करून. मोगलांचे चाळीस, आठाआठाचे पाच गट, आणि सामानाचे चार बैल. मराठ्यांचे चोवीस, सहासहाचे चार गट. मराठे सुरुवातीला टेबलावर नसतातच. मराठ्यांकडून खेळणारा उतारावर आठ चिठ्ठ्या उलट्या ठेवतो, चारांवर गटाचं नाव, चार कोऱ्या. मोगल बिचारा बघत राहतो की खरं कुठे आहे. घळीत सगळे सहा इंच चालतात, उतारावर मोगल तीन इंच आणि मराठे सहाच. मारामारी लागली की जितकी माणसं तितके फासे, ५ किंवा ६ पडला की समोरचा एक गेला. बाण, बंदूक बारा इंचांपर्यंत, पण झाडीतला माणूस पडायला ६ च लागतो. एखाद्या गटाची निम्मी माणसं गेली की त्याने दरवेळी एक फासा टाकायचा, ३ किंवा खाली आला की गट मागे पळतो. आणि पाचव्या फेरीपासून मोगलांनी या फाशातून एक वजा करायचा, ते पाणी नाही त्याचं. आठ फेऱ्या. चारपैकी तीन बैल पलीकडे काढले तर खान जिंकला, दोन मराठ्यांच्या हाती लागले तर मराठे.

एक नियम मात्र मोडू नकोस. खानाला कधीही सामान टाकून शरण येण्याची मुभा आहे आणि मग जितकी माणसं जिवंत त्याच्या निम्मे गुण त्याचे. माझी भाची एकदा खान होती, तिने चौथ्या फेरीतच चारही बैल सोडले आणि सदतीस माणसं वाचवली, आणि मग तासभर माझ्याशी भांडली की मीच जिंकले. मला अजून उत्तर सापडलेलं नाही. रायबागनने तरी दुसरं काय केलं होतं.

यातूनच दुसरा प्रश्न येतो, तो पत्रात नाहीये पण येणारच आहे, म्हणजे शत्रू कोण होणार. आपल्याकडे घरात सगळ्यांनाच मराठे पाहिजे असतात. सरळ ठरवून टाक, प्रत्येक लढाई दोनदा खेळायची, बाजू बदलून. खान म्हणून त्या घळीत एकदा शिरलास ना की कळतं तो गाढव नव्हता, त्याच्या जागी आपणही तसेच अडकलो असतो, आणि मग महाराजांनी जागा काय निवडली होती ते वाचून जेवढं कळलं नव्हतं तेवढं कळतं.

खेळायला कोणी नाही म्हणतोस. बघ, बहुतेक लोक चूक अशी करतात की स्वतःची एक फौज बनवतात आणि मग दुसरी फौज असलेला माणूस शोधत गावभर फिरतात. इंग्लंडमध्ये ठीक आहे, तिथे गावोगावी क्लब आहेत, लंडनला सॅल्यूट नावाचा मोठा मेळा भरतो. आपल्याकडे तू दोन्ही फौजा स्वतः बनव. मग समोरच्याकडे काही असायची गरजच नाही, त्याने फक्त यायचं, चहा प्यायचा आणि फासे टाकायचे. ऑफिसमधला कुठला तरी क्रिकेटवेडा, शेजारचे रिटायर्ड सर, कोणीही चालतं, नियम दहा मिनिटांत कळतात. वहिनींना बोलावून बघ, पण ‘माझा छंद बघ’ म्हणून नको, मुलीच्या समोर खान म्हणून बसव. आणि बोर्ड गेम कॅफेत जाणाऱ्या पोरांमध्ये वॉरहॅमर खेळणारे असतात, ते राक्षस आणि स्पेसवाले सैनिक रंगवतात पण हात त्यांचा तयार असतो, त्यांच्याकडून रंग शिकून घे. कोणीच नाही आलं तर एकट्याने खेळ. चिठ्ठीवर प्रत्येक गटाचं नाव, डब्यात टाकायच्या, जी निघेल तो गट हलणार. तुझ्या मनात काय आहे ते चिठ्ठीला माहीत नसतं त्यामुळे बऱ्यापैकी रंगत येते.

कागदाचे दोनतीन डाव झाले आणि तरी हात शिवशिवत असेल तर मगच एकास बहात्तरचा एक डबा घे. हुबेहूब मावळे रेडीमेड मिळतील अशी आशा धरू नकोस, कुठल्या तरी पूर्वेकडच्या फौजेचा डबा घ्यायचा, पगड्या मिलीपुटने नाहीतर एम-सीलने वळायच्या. मऊ प्लास्टिकवर रंग टिकत नाही ही कायमची तक्रार आहे. आधी भांड्याच्या साबणाने घासून धू, वाळव, मग पाण्यात पातळ केलेल्या फेव्हिकॉलचा एक हात दे, तो वाळला की रंग, आणि शेवटी परत वार्निश. रंग महागडे स्पॅनिश नकोत, सुरुवातीला कॅमल किंवा फेव्हिक्रिलचे ॲक्रिलिक चालतात, फक्त रंगाचा कण जरा जाड असतो म्हणून पाणी घालून दोन पातळ थर, एक जाड थर दिलास तर नाकडोळे बुजून सगळे मावळे बटाटे दिसतात. अंगरखा, पगडी, कातडी, लाकूड, लोखंड, एवढे पाच रंग, बास. एकेक सैनिक पुरा करू नकोस, वीस जणांचे अंगरखे, मग वीस जणांच्या पगड्या. शेवटी ब्राऊन रंगाचं एकदम पातळ पाणी वरून सोडायचं, ते घड्यांमध्ये जाऊन बसतं आणि चित्रकलेत काठावर पास झालेल्याचं काम फर्स्ट क्लास दिसायला लागतं. तसंही सैनिक तीन फुटांवरून बघायचे असतात. कोणी उचलून नाकाशी नेला तर त्याला सांग खाली ठेव.

बेसला एमडीएफ, लेझर कटिंगवाला तीन एमएमचे चौकोन शेकड्याने कापून देतो. त्यावर फेव्हिकॉल, त्यावर वाळू आणि वाळवलेली चहाची पावडर. हो, गाळलेलीच, मातीसारखी मस्त दिसते, फक्त पूर्ण वाळव नाहीतर बुरशी येते, माझ्या एका पूर्ण घोडदळाला आली होती. पेंढ्याची छपरं करायला नारळाचा काथ्या.

पावसाळ्यात स्प्रे प्रायमर आणि स्प्रे वार्निश हातात धरू नकोस. हवेत दमटपणा असला की मॅट वार्निश पांढरं धुकट होतं, महिनाभराचं काम पाच सेकंदात पीठ लावल्यासारखं दिसतं. जून ते सप्टेंबर ब्रशनेच लाव.

आणि समजा वर्षभर टिकलास, मोठी लढाई पाहिजेच झाली, तरीही पानिपत नको, असई घे. २३ सप्टेंबर १८०३, इंग्रज विरुद्ध शिंदे, जालना जिल्ह्यात, तुला गाडीने जाता येईल. इंग्रजांचा सेनापती वेलस्ली, म्हणजे पुढे वॉटर्लू जिंकणारा तोच वेलिंग्टन, त्याच्याकडे लढाईत साडेचार हजारांच्या आसपास कवायती सैन्य, समोर शिंद्यांचं, पोलमन नावाच्या त्यांच्या जर्मन अधिकाऱ्याच्या हाताखालचं दुप्पट कवायती पायदळ, बाजूला प्रचंड घोडदळ आणि तोफा. वाटाडे म्हणाले कैलना नदी ओलांडायला पुढे उतार नाही. वेलस्लीने बघितलं की नदीच्या दोन काठांना दोन गावं समोरासमोर आहेत, म्हणजे मधून जायची वाट असणारच, आणि होती. पलीकडे गेला तर पोलमनने अख्खी फळी वळवून त्याच्यासमोर आणून उभी केली, हे कवायत पक्की असल्याशिवाय होत नाही, आपल्याकडे हे कोणी सांगतच नाही. मग इंग्रजांचा ऑरॉक नावाचा अधिकारी आपल्या तुकड्या घेऊन भलत्याच दिशेला, थेट असई गावातल्या तोफांसमोर गेला, त्याच्या मागे ७४ वी हायलँडर पलटण गेली आणि तिची चाळण झाली. इंग्रजांचे पंधराशेच्या वर मेलेले आणि जखमी. वेलस्ली म्हातारपणीही आपल्या लढायांमध्ये असईला वरचा मान द्यायचा असं सांगतात.

‘ब्लॅक पावडर’ म्हणून २००९ चे रूल्स आहेत, त्यात हुकूम आधी तोंडाने मोठ्याने सांगायचा आणि मग दोन फासे टाकायचे, सेनापतीच्या आकड्याच्या वर गेला तर पलटण जागची हलत नाही, आणि दोन्ही सहा पडले तर ती भलतीकडेच चालायला लागते. पहिल्यांदा मला हा नियम बालिश वाटला होता. असई मांडली आणि तिसऱ्याच फेरीला माझी ७४ वी दोन सहा घेऊन गावाच्या दिशेने निघाली तेव्हा मी काही बोललो नाही.

पन्नासला एक धरलंस तर वेलस्लीच्या नव्वद फिगर होतात, शिंद्यांच्या पायदळाच्या दोनशेच्या आसपास, घोडदळ सगळं मांडायची गरज नाही कारण ते त्या दिवशी फारसं लढलंच नाही. हे दीड वर्षात होण्यासारखं आहे.

तोवर उंबरखिंड झाली की फोटो पाठव, मुलीने खान केला का वहिनींनी ते पण लिही. आणि डोंगर थर्माकोलचे करणार असशील तर त्याच्यावर थेट स्प्रे मारू नकोस, विरघळतो, माझी अख्खी खिंड बसली होती.